किल्ली हरवली, म्हणजे नेमके काय हरवले?

विद्यार्थी मित्रांनो, आज तुम्हाला एका हरवलेल्या किल्लीची हकिकत सांगणार आहे. हकिकत साधीच आहे. पण तिच्यात थोडे यंत्रशास्त्र आहे, थोडे गणित आहे, आणि फॅराडेने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी केलेला एक प्रयोगही आहे.

आमच्या आळीत एक निवृत्त गुरुजी राहतात. त्यांच्याकडे २००६ साली तयार झालेली एक लहान मोटार आहे. ती त्यांनी जुनी विकत घेतली, आणि तिच्याबरोबर किल्ली मिळाली ती एकच. गुरुजींच्या पत्नीला मूत्रपिंडाचा विकार आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना डायलिसिससाठी जिल्ह्याच्या गावी न्यावे लागते. पहाटे साडेपाचला निघायचे. त्या वेळी आमच्या गावातून एस.टी. मिळत नाही. म्हणून ही जुनी गाडी म्हणजे त्या घराचा मोठा आधार. एका रविवारी बाजारात गुरुजींच्या खिशातून ती किल्ली पडली. भाजीवाल्यांना विचारून झाले, वाट पुन्हा पुन्हा तुडवून झाली. किल्ली काही सापडली नाही.

सोमवारी सकाळी चौकातला किल्लीवाला आला. त्याने आधी गाडीची कागदपत्रे पाहायला मागितली. गुरुजींना तो वर्षानुवर्षे ओळखतो, तरी मागितली. मग पेटीतून एक कोरी किल्ली काढून तो कामाला लागला. तासाभराने दार उघडले. जमलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी आत बसून किल्ली फिरवली. इंजिन क्षणभर सुरू झाले आणि लगेच बंद पडले. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. समोर किल्लीच्या आकाराचा एक लाल दिवा सारखा मिचकत होता.

किल्लीवाला म्हणाला, "गुरुजी, किल्ली कुलपाला पटली, पण गाडीला पटली नाही."

हे त्याचे वाक्य अगदी बरोबर होते. ते का बरोबर होते, हे आज आपण पाहू.

कुलूप किल्लीला काय विचारते?

मोटारीच्या कुलपात एक स्थिर नळी असते आणि तिच्या आत फिरणारा एक दंडगोल असतो. किल्ली आपण या दंडगोलात घालतो. दंडगोलाला आडव्या चिरा पाडलेल्या असतात आणि प्रत्येक चिरेत धातूची एक पातळ चकती बसवलेली असते. चकतीच्या मध्ये एक चौकोनी खिडकी असते. ही खिडकी काही चकत्यांत थोडी वर असते, काहींत थोडी खाली. प्रत्येक चकतीला एक बारीक स्प्रिंग एका बाजूला ढकलत असते.

किल्ली नसताना चकत्यांची टोके दंडगोलाच्या बाहेर येऊन नळीच्या खोबणीत अडकलेली असतात. त्यामुळे दंडगोल फिरत नाही. किल्ली आत घातली, की तिचे पाते सर्व खिडक्यांतून जाते आणि प्रत्येक चकती किल्लीच्या एकेका खाचेवर टेकते. खाच योग्य तेवढी खोल असेल, तर चकतीची दोन्ही टोके दंडगोलाच्या पृष्ठभागाशी समतल होतात. खाच हवी त्यापेक्षा उथळ असेल तर चकती एका बाजूने बाहेर डोकावते. जास्त खोल असेल तर दुसऱ्या बाजूने. एकही चकती बाहेर राहिली तरी दंडगोल अडतो.

करून पाहा: पोस्टकार्डाएवढ्या जाड पुठ्ठ्याच्या, सारख्या लांबीच्या पाच पट्ट्या कापा. प्रत्येकीत एक चौकोनी खिडकी पाडा, पण प्रत्येक खिडकी वेगळ्या उंचीवर ठेवा. पट्ट्या एकामागे एक उभ्या धरा आणि सर्व खिडक्यांतून जाईल अशी एक पुठ्ठ्याची 'किल्ली' घाला. पट्ट्यांची वरची टोके एका रेषेत यावीत, म्हणून किल्लीच्या कडेला कोठे किती कापावे लागते, ते पाहा. अर्ध्या तासात तुम्हाला कुलपाचे सारे रहस्य उलगडेल.

ही कल्पना फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी खुंट्यांची कुलपे होती. त्यांतही किल्लीने खुंट्या उचलल्या, की अडसर सरकत असे. अमेरिकेत लायनस येल या तंत्रज्ञाने १८६१ आणि १८६५ साली धातूच्या छोट्या कुलपांची पेटंटे घेतली, आणि चपट्या किल्लीचे खुंट्यांचे कुलूप घरोघरी पोहोचले. मोटारीचे चकत्यांचे कुलूप हे त्याच्याच नात्यातले.

किल्ली म्हणजे एक संख्या

आता थोडे गणित. समजा, एका कुलपात ८ चकत्या आहेत आणि प्रत्येक खाचेची खोली ४ पैकी एक असू शकते. सर्वांत उथळ खाचेला १ म्हणू आणि सर्वांत खोल खाचेला ४. मग कोणतीही किल्ली आठ आकड्यांनी लिहून दाखवता येईल: उदाहरणार्थ, २-४-१-३-३-२-१-४. अशा किती किल्ल्या होतील? पहिल्या खाचेला ४ पर्याय, दुसरीला ४, असे आठ वेळा. म्हणजे ४ चा आठवा घात, अर्थात ६५,५३६.

प्रत्यक्षात सगळ्याच वापरता येत नाहीत. आठही खाचा सारख्या असलेली किल्ली कोणी देणार नाही. अगदी उथळ खाचेशेजारी अगदी खोल खाच आली, तर मधला उतार इतका खडा होतो की किल्ली आत-बाहेर करताना अडकते. अशा संख्या वगळाव्या लागतात. एखाद्या कारखान्याने लाखो गाड्या बनवल्या, तर काही गाड्यांना एकच संख्या येणार, हे उघड आहे. परक्या गाडीचे दार आपल्या किल्लीने उघडल्याचे किस्से तुम्ही ऐकले असतील. त्यात जादू नाही, निव्वळ अंकगणित आहे.

एवढ्यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात आली का? किल्लीचा धातू हरवला तर फारसे बिघडत नाही. कोरी किल्ली बाजारात मिळते. खरी हरवते ती तिच्यावर कोरलेली संख्या.

हरवलेली संख्या कशी शोधतात?

ती संख्या परत मिळवण्याचे चार मार्ग आहेत.

पहिला मार्ग सर्वांत सोपा: दुसरी किल्ली असेल तर तिची नक्कल. किल्लीवाल्याच्या यंत्रात दोन पकडी असतात. एकीत जुनी किल्ली, दुसरीत कोरी. एक बोथट टोक जुन्या किल्लीच्या खाचांवरून फिरते, आणि त्याच्याशी जखडलेले कापणारे चाक कोऱ्या किल्लीवर तीच वळणे कापत जाते.

पण यात एक खोच आहे. एका खोलीपासून पुढच्या खोलीपर्यंतचे अंतर साधारण अर्धा मिलिमीटर असते. वीस वर्षे वापरलेली किल्ली झिजलेली असते, आणि यंत्र त्या झिजेचीही नक्कल करते. शिवाय यंत्राची स्वतःची थोडी चूक असतेच. पुढे त्या नकलेची नक्कल काढली, की चुका साठत जातात आणि एक दिवस किल्ली लागेनाशी होते. हुशार कारागीर अशा वेळी डोळे मिटून नक्कल करत नाही. तो खाच मोजतो आणि म्हणतो, "ही २ आणि ३ यांच्यामध्ये आहे, पण ३ च्या जवळ. म्हणजे मुळात ही ३ असली पाहिजे." आणि तो नवी किल्ली नेमक्या ३ ची कापतो. झिजलेल्या जुन्या किल्लीपासून अशी नव्यासारखी किल्ली तयार होते! जिन्याला पायऱ्या ठरलेल्या असल्या, की मधेच पडलेली वस्तू कोणत्या पायरीची, हे ओळखता येते. तुमच्या मोबाइल फोनमधले आकडे वाटेत थोडे बिघडले तरी पुन्हा शुद्ध करता येतात, ते याच तत्त्वावर.

दुसरा मार्ग किल्ली क्रमांकाचा. नव्या गाडीच्या किल्ल्यांबरोबर पुष्कळदा धातूचा एक छोटा बिल्ला येतो. त्यावर एक क्रमांक ठोकलेला असतो. त्या क्रमांकावरून कारखान्याच्या तक्त्यात खाचांच्या खोल्या पाहता येतात, आणि मोजून कापणाऱ्या यंत्रावर किल्ली कापता येते.

तिसरा मार्ग दाराचे कुलूप सोडवून चकत्या वाचण्याचा. पुष्कळ कुलपांत चकत्यांवर त्यांचे आकडे ठोकलेले असतात.

चौथा मार्ग आमच्या किल्लीवाल्याचा. त्याच्याकडे ना दुसरी किल्ली, ना क्रमांक. त्याने कोरी किल्ली आत घातली, फिरवण्याचा प्रयत्न केला, बाहेर काढली आणि उजेडात धरली. ज्या चकत्या अडल्या होत्या, त्यांनी पात्यावर सुईच्या टोकाएवढे चकाकते ठसे उमटवले होते. तेवढ्याच जागी त्याने कानशीचे दोन-तीन हात मारले. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. एखाद्या जागी ठसा उमटेनासा झाला, की ती खाच बरोबर झाली. तिला आता हात लावायचा नाही. अंदाज करायचा, कुलपालाच विचारून तो तपासायचा, आणि चूक तेवढी दुरुस्त करायची. हीच तर विज्ञानाची पद्धत! फुटपाथवर बसून, एक कानस आणि तीक्ष्ण नजर यांच्या बळावर तो माणूस रोज हेच करत असतो.

इंजिनाला दुसरे कुलूप

मग एवढे होऊनही गाडी का चालली नाही?

त्यासाठी थोडे मागे जाऊ. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर बसवण्यात आला, आणि हँडल मारून इंजिन सुरू करण्याचे कष्ट संपू लागले. १९४९ साली क्रायस्लर कंपनीने किल्ली फिरवताच स्टार्टर सुरू होईल अशी सोय केली. सोय झाली खरी, पण चोराचीही झाली. किल्ली म्हणजे शेवटी विजेचे एक बटणच. त्यामागच्या तारा ओढून एकमेकींना जोडल्या, की किल्लीची गरजच उरत नसे. कुलूप कितीही चांगले असो, चोर त्याला वळसा घालून जाई.

म्हणून अभियंत्यांनी वेगळा विचार केला. कुलूप दारालाच का? इंजिनालाच लावले तर? १९८६ साली अमेरिकेतल्या कॉर्व्हेट मोटारीच्या किल्लीत एक छोटा रोधक बसवलेला होता. रोध म्हणजे काय, ते तुम्ही ओहमच्या नियमात शिकला आहात. या रोधकाचे मूल्य ठरलेल्या १५ मूल्यांपैकी एक असे. सर्वांत लहान ४०२ ओहमचे, सर्वांत मोठे ११,८०० ओहमचे. किल्ली कुलपात शिरली, की गाडी त्या रोधकातून बारीक प्रवाह सोडून त्याचा रोध मोजी. तो जुळला तरच स्टार्टरला आणि इंधनाला परवानगी. चुकला तर काही मिनिटे गाडी ढिम्म हलत नसे.

कल्पना उत्तम, पण दुबळी. पंधराच पर्याय! शिवाय घटकाभर किल्ली हाती आली, तर कोणीही मल्टिमीटरने तिचा रोध मोजून घेऊ शकतो.

बॅटरीशिवाय बोलणारा तुकडा

पुढच्या दहा वर्षांत रोधकाची जागा एका छोट्या इलेक्ट्रॉनिक तुकड्याने घेतली. हा तुकडा किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत, बहुधा तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढ्या काचेच्या नळीत किंवा तेवढ्याच काळ्या ठोकळ्यात असतो. त्यात एक बारीक वेटोळे, एक धारित्र आणि एक सूक्ष्म मंडल असते. बॅटरी मात्र नसते. मग तो चालतो कसा?

इथे फॅराडे येतो. ऑगस्ट १८३१ मध्ये त्याने लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळली. एकातला प्रवाह चालू किंवा बंद केला, की दुसऱ्यात क्षणभर प्रवाह निर्माण होई. दोन वेटोळी तारेने जोडलेली नसतानाही! बदलते चुंबकीय क्षेत्र विद्युत्-प्रवाह निर्माण करते, हा शोध तो हाच.

करून पाहा: पुठ्ठ्याच्या नळीवर वेष्टित तांब्याच्या तारेचे दोनशे वेढे घ्या आणि टोके शाळेतल्या गॅल्व्हनोमीटरला जोडा. शेजारी तसेच दुसरे वेटोळे ठेवून ते बटणामार्फत एका सेलला जोडा. बटण दाबताना काटा किंचित हलेल, सोडताना उलट दिशेला हलेल. बटण नुसते दाबून धरले तर मात्र स्थिर राहील. नळ्यांत एक लांब लोखंडी खिळा किंवा सळई घातली, की परिणाम जास्त स्पष्ट दिसेल. गॅल्व्हनोमीटर नाजूक असतो, म्हणून हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करा.

काटा फक्त बदलाच्या वेळी हलतो, हे तुम्ही पाहिलेत. म्हणून गाडीत किल्लीच्या भोकाभोवती बसवलेल्या वेटोळ्यातून सतत बदलणारा प्रवाह सोडतात. पुष्कळ गाड्यांत त्याची वारंवारता १२५ किलोहर्ट्झ असते, म्हणजे सेकंदाला १,२५,००० आवर्तने. त्या बदलत्या क्षेत्रामुळे किल्लीतल्या वेटोळ्यात प्रवाह निर्माण होतो, धारित्र भारित होते आणि तुकडा जागा होतो. वेटोळ्यापासून दूर जावे तसे हे क्षेत्र झपाट्याने घटते. पुरेसे दूर गेल्यावर अंतर दुप्पट केले, की ते आठव्या हिश्श्यावर येते. म्हणून हा संवाद काही सेंटिमीटरांतच होतो.

आणि तुकडा उत्तर कसे देतो? सायकलच्या डायनामोची आठवण करा. दिवा पेटवला, की पायडल जरा जड लागते. समजा, तुम्ही सायकल चालवत आहात आणि मागे बसलेला मित्र दिवा चालू-बंद करत आहे. तुम्ही दिवा पाहिला नाही तरी पायांना जड-हलके, जड-हलके जाणवेल, आणि तेवढ्यावर तो तुम्हाला निरोप देऊ शकेल. किल्लीतला तुकडा अनेकदा नेमके हेच करतो. गाडीच्या वेटोळ्यावरचा भार कमी-जास्त करून तो आपली संख्या कळवतो.

तर किल्लीवाल्याने तयार केलेल्या किल्लीत हा तुकडा नव्हता. गाडीने विचारले, "कोण आहे?" पलीकडून उत्तर आले नाही. इंधन बंद.

प्रश्न नवा, उत्तर नवे

सुरुवातीच्या तुकड्यांत एकच ठरलेली संख्या असे. ती कोणी चोरून 'ऐकली' तर? म्हणून पुढे युक्ती केली गेली. गाडी दर वेळी नवा प्रश्न विचारते, आणि किल्ली एका गुप्त संख्येच्या मदतीने त्याचे उत्तर काढते. गुप्त संख्या स्वतः कधीच बाहेर पडत नाही.

मित्राबरोबर हा खेळ खेळून पाहा. दोघांची गुप्त संख्या ३७ ठरवा. मित्र म्हणेल ५८. तुम्ही ५८ ला ३७ ने गुणा: २,१४६. शेवटचे दोन आकडे सांगा: ४६. ऐकणाऱ्याला ५८ आणि ४६ कळले, ३७ कळले नाही. पण थांबा! तो घरी बसून १ ते ९९ सर्व संख्या तपासेल, आणि त्याला दिसेल की ३७ किंवा ८७ यांपैकीच एक असली पाहिजे. दुसरा प्रश्न त्याने ऐकला, समजा २१, तर उत्तर ७७ येईल. ८७ असती तर २७ आले असते. झाले, गुपित फुटले!

म्हणून खरी किल्ली साधा गुणाकार करत नाही. अतिशय गुंतागुंतीची क्रिया करते, आणि गुप्त संख्याही प्रचंड घेते. तरीही कुलूप आणि कुलूपतोड्या यांची शर्यत संपत नाही. एका प्रकारच्या तुकड्यात गुप्त संख्येचे सुमारे १ लाख १० हजार कोटी पर्याय होते. २००५ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील आणि आर.एस.ए. प्रयोगशाळेतील संशोधकांनी ते पर्याय झपाट्याने तपासणारी यंत्रे जोडून तो तुकडा फोडून दाखवला. त्यानंतरच्या तुकड्यांत याहून कितीतरी मोठ्या गुप्त संख्या आल्या.

पण या व्यवस्थेचा उपयोग झाला का? युरोपात १९९५ साली नियम झाला, आणि ऑक्टोबर १९९८ पासून प्रत्येक नव्या मोटारीला असे इंजिनाचे कुलूप सक्तीचे झाले. नेदरलँड्समधील दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्या देशात १९९५ ते २००८ या काळात मोटारचोऱ्यांचे प्रमाण यामुळे सरासरी ४० टक्क्यांनी घटले. उलट, अमेरिकेत हे कुलूप सक्तीचे नव्हते. तिथे दोन कोरियन कंपन्यांच्या पुष्कळ गाड्या त्याच्याविना विकल्या गेल्या. त्या कशा चोरता येतात, हे दाखवणाऱ्या चित्रफिती पसरल्या आणि चोऱ्यांचा सुळसुळाट झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी नवी संगणकीय दुरुस्ती जाहीर करावी लागली.

एका मुठीत तीन किल्ल्या

आता मुठीवरची बटणे राहिली. दूरवरून दार उघडणारी ही तिसरी व्यवस्था, आणि ती तुकड्याहून स्वतंत्र आहे. तिला बॅटरी लागते. बहुधा तीन व्होल्टचा नाण्यासारखा सेल. बटण दाबले, की रेडिओ लहरी निघतात. भारतात आणि युरोपात त्यांची वारंवारता बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झ असते. प्रकाशाच्या वेगाला हिने भागा: तरंगलांबी सुमारे ६९ सेंटिमीटर येईल.

इथेही ठरलेली संख्या पाठवली, तर कोणीतरी ती टिपून पुन्हा वाजवेल. म्हणून अशी कल्पना करा, की किल्ली आणि गाडी यांच्याकडे संख्यांच्या सारख्याच वह्या आहेत. बटण दाबले, की किल्ली पुढची संख्या पाठवते आणि दोघेही ती खोडतात. खोडलेली संख्या पुन्हा आली, तर गाडी तिच्याकडे लक्ष देत नाही. तुम्ही घरी बसून खिशातले बटण चार-पाचदा दाबलेत, तर किल्ली वहीत थोडी पुढे जाईल. म्हणून गाडी पुढच्या काही संख्याही तपासून पाहते.

तर मोटारीची 'एक' किल्ली म्हणजे प्रत्यक्षात तीन किल्ल्या: धातूचे पाते, बॅटरीशिवायचा तुकडा, आणि बॅटरीवरचा रेडिओ. एक बंद पडली म्हणून दुसरी बंद पडेलच असे नाही.

जुन्या गाडीची अडचण

गुरुजींनी कंपनीच्या एका दुकानात फोन केला. उत्तर मिळाले, की या गाडीची किल्ली आता साठ्यात नसते. मागवली तर तीन-चार आठवडे लागतील. भंगार बाजारात तशाच गाडीची जुनी किल्ली मिळू शकत होती. पण तिचे पाते दुसऱ्या संख्येचे, आणि त्यातले काही तुकडे असे असतात की एका गाडीशी एकदा बांधले गेले की दुसरीशी बांधता येत नाहीत. अशा किल्लीची मूठ तेवढी कामाची.

नवा कोरा तुकडा मिळतो. पण तो गाडीला 'हा आपला माणूस' असे सांगून ओळख करून द्यावा लागतो. त्यासाठी तंत्रज्ञ गाडीच्या जोडणी-खोबणीला आपले यंत्र जोडतो. एक चालू किल्ली हाताशी असेल, तर बहुतेक गाड्यांत हे काम सोपे असते. एकही नसेल, तर गाडी गुप्त क्रमांक मागते. तो नसेल, तर इंजिनाचे नियंत्रण करणारी पेटी उघडून तिच्या स्मृतीतून तो वाचावा लागतो. हे काम नाजूक असते आणि महागही.

मंगळवारी आणि शुक्रवारी शेजारच्या दूधवाल्याने आपल्या टेंपोतून गुरुजींच्या पत्नीला जिल्ह्याच्या गावी नेले. टेंपोच्या हादऱ्यांनी त्या फार दमल्या. शनिवारी गुरुजींना एकाएकी सुचले. गाडीच्या पहिल्या मालकांचा फोन नंबर त्यांच्या वहीत होता. फोन केला. ते गृहस्थ म्हणाले, "थांबा हं, गाडीची पुस्तिका माझ्याच कपाटात राहिलेली दिसतेय." त्या पुस्तिकेत एक पाकीट होते. पाकिटात नखाएवढा धातूचा बिल्ला आणि एक छोटे कार्ड. बिल्ल्यावर किल्ली क्रमांक, कार्डावर गुप्त क्रमांक!

रविवारी शहरातून तंत्रज्ञ आला. त्यानेही आधी कागदपत्रे पाहिली. बिल्ल्यावरच्या क्रमांकावरून त्याने दोन किल्ल्या मोजून कापल्या, दोन नवे तुकडे बसवले, कार्डावरचा क्रमांक यंत्रात घातला. किल्ली फिरवली. लाल दिवा विझला, इंजिन सुरू झाले आणि चालूच राहिले. मग त्याने हरवलेल्या किल्लीची नोंद गाडीच्या स्मृतीतून पुसून टाकली. म्हणजे ती उद्या कोणाला सापडली, तर तिने दार उघडेल, पण गाडी सुरू होणार नाही. मंगळवारी पहाटे साडेपाचला गुरुजींची गाडी नेहमीप्रमाणे निघाली.

आता सांगा, हरवले काय होते? धातू नव्हे, तो बाजारात मिळतो. प्लॅस्टिकची मूठही नव्हे. हरवली होती माहिती, आणि तीच माहिती एका कपाटात, कागदाच्या पाकिटात सुखरूप होती. म्हणून गुरुजींनी आता आळीतल्या सर्वांना एक धडा घालून दिला आहे: एक किल्ली हाताशी असतानाच दुसरी करून घ्या, बिल्ला आणि कार्ड घरी ठेवा, गाडीत नव्हे, आणि जुनी गाडी विकत घेताना किल्ल्या किती आणि क्रमांक कुठे, हे आधी विचारा. त्या क्रमांकाचा फोटो काढून कोणाला पाठवू मात्र नका. कारण आता तुम्हाला कळले आहे, की क्रमांक दाखवणे म्हणजे किल्लीच देणे.

शेवटी तुमच्यासाठी दोन प्रश्न. एका कुलपात ७ चकत्या आहेत आणि खाचेच्या ५ खोल्या शक्य आहेत. जास्तीत जास्त किती वेगवेगळ्या किल्ल्या होतील? आणि दुसरा: किल्लीचा सेल संपल्यामुळे बटणाने दार उघडेना, पण तीच किल्ली भोकात घालून फिरवली तर इंजिन बिनतक्रार सुरू झाले. असे का झाले? दुसऱ्याचे उत्तर घरातल्या मोठ्यांना विचारण्याआधी स्वतः लिहून काढा, आणि मग ते त्यांना समजावून सांगा.